न कापलेला बकरा

२०२२च्या डिसेंबरात मेस्सीने विश्वचषक उचलला, त्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बकऱ्यांचा कळप उतरला. नुसती चित्रं, मजकूर शून्य. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "शेळीपालनाची नवी योजना आली का?"

'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं जुळवली की 'गोट' होतो, एवढंच त्यातलं कोडं. मुहम्मद अलीच्या पत्नी लॉनी यांनी १९९२मध्ये त्याच्या नावाचे हक्क सांभाळायला काढलेल्या कंपनीचं नाव हेच. २०००मध्ये एलएल कूल जे या रॅपरने आपल्या अल्बमला ते दिलं आणि बकरा मोकाट सुटला.

पण अमेरिकेतल्या क्रीडापानांवर त्याआधी कित्येक वर्षं 'गोट' म्हणजे संघाला बुडवणारा. बिल बकनर हा त्यातला सगळ्यात दुर्दैवी. २५ ऑक्टोबर १९८६ला, बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, साधा सरपटी चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला आणि बॉस्टन रेड सॉक्स हरले. खरं तर आघाडी गोलंदाजांनी आधीच घालवली होती, धावसंख्या बरोबरीत आली होती. शिवाय सातवा सामना बाकी होता, तोही संघाने मिळूनच गमावला. शिव्या मात्र वर्षानुवर्षं बकनरने खाल्ल्या.

ही खोड जुनी आहे. बायबलमधल्या लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकायच्या, एक देवाला कापायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात हाकलायचं. विल्यम टिंडलने १५३०मध्ये हे इंग्रजीत आणताना त्या दुसऱ्यासाठी शब्द घडवला, 'स्केपगोट'. म्हणजे सुटून गेलेला बकरा. (सुटका नावापुरतीच, पुढे त्याला कड्यावरून ढकलून द्यायची रीत पडली.)

आपण त्याला सर्रास 'बळीचा बकरा' म्हणतो. तो तर पहिला, कापला जाणारा! त्याच्या डोक्यावर कुणाचं पाप नसतं. आपल्याकडे शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड; तिच्यावर आळ आला तर तो वातडपणाचा. मला विचाराल तर दुसऱ्या बकऱ्याचं दुर्दैव अधिक क्रूर. कापलेल्याला निदान देवाचं नाव मिळतं, हाकललेल्याला गावाची सगळी घाण.

आणि आपल्या बातम्यांमध्ये जो असतो, तो बहुतेक वेळा हा दुसराच असतो. पूल पडतो, ठेकेदार मोकळा राहतो, मंत्री पाहणी करून जातात आणि कनिष्ठ अभियंता निलंबित होतो. फरक इतकाच, की आमचा बकरा दोनेक वर्षांनी रानातून परततो, थकबाकीसकट कामावर रुजू होतो आणि पुढच्या पुलाच्या फायलीवर सही करतो.