आखणी एकाची, झीज दुसऱ्याची

पार्सल वाटपाचे काम पोटकंत्राटदारांवर सोपवावयाचे, परंतु कोणते घर कोणत्या क्रमाने घ्यावयाचे याची आखणी स्वतःच्या संगणकाकडे राखावयाची, ही कंपन्यांची रीत आता रूढ झाली असली, तरी तिच्यात अधिकार आणि उत्तरदायित्व यांची जी फारकत झाली आहे तिचा विचार क्वचितच होतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता एकेरी असल्यामुळे तेथे एखादे दुकान मागे राहिले, तर नकाशावर हाकेच्या अंतरावरील ते ठिकाण गाठण्यास पुढच्या चौकातून वळसा घ्यावा लागतो. पेठेतील लिफ्टविरहित इमारतीचा तिसरा मजला चढण्यास लागणारी मिनिटे तर केवळ अंतर मोजणाऱ्या हिशेबात जमेस धरलीच जात नाहीत. जेथे मोबदला पोचत्या झालेल्या नगावर ठरतो, तेथे या वळशाचे पेट्रोल वाटप करणाऱ्या मुलाच्या खिशातून जाते आणि विलंबाचा दंड कंत्राटदार भरतो.

जर्मनीने 2019 मध्ये कायदा करून पोटकंत्राटदाराने थकविलेल्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांची जबाबदारी मूळ पार्सल कंपनीवर टाकली. आपल्याकडेही सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. तथापि अंशदानाच्या तरतुदींनी सदोष आखणीची भरपाई होत नाही. सबब, जिने व वळसे धरून वेळेची तजवीज आणि सकारण क्रम बदलल्यास दंडमाफी, ही दोन कलमे प्रत्येक करारनाम्यात सक्तीची केली पाहिजेत.