अवकाश भागीदारीची कसोटी बोर्डीच्या समुद्रात

विशेष प्रतिनिधी

बोर्डी – चिकूच्या वाड्या आणि सुरूचे बन यांसाठी पर्यटकांना परिचित असलेल्या बोर्डीच्या उत्तरेला तलासरी तालुक्यातील झाई हे गाव लागते आणि त्यापुढे गुजरातची हद्द सुरू होते. जमिनीवरची ही हद्द कोणालाही दाखवता येते. समुद्रातील हद्द मात्र डोळ्यांना दिसत नाही. मासेमारीचा हंगाम सुरू झाला की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून जातात. त्या नौका ज्या समुद्रात जाळी टाकतात, तेथून पाकिस्तानची सागरी हद्द दूर नाही. पाकिस्तानच्या तुरुंगांत अडकलेल्या भारतीय मच्छीमारांमध्ये या भागातील खलाशांचाही समावेश राहिला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गुजरातच्या एका नौकेवर केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील वडराई येथील एका खलाशाचा मृत्यू झाला होता.

अवकाश संशोधनातील सरकारी आणि खासगी क्षेत्राच्या भागीदारीची चर्चा सहसा चंद्र, मंगळ आणि अवकाश स्थानक यांच्या भाषेत होते. तिचा व्यवहारातील अर्थ समजून घ्यायचा असेल, तर या खलाशापासून सुरुवात करणे अधिक योग्य ठरेल. कारण ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण व साहाय्य यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ केला. त्याच कार्यक्रमात डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ज्या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला, त्याच बंदराच्या व्यासपीठावरून मच्छीमारांच्या सुरक्षेची योजना जाहीर झाली. त्यामुळे बंदराच्या वादात ही योजना जवळजवळ झाकोळून गेली.

योजना अशी आहे : तेरा सागरी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायचे. त्यासाठी ३६४ कोटी रुपयांची तरतूद आहे. सरासरी काढली तर एका नौकेमागे सुमारे ३६ हजार रुपये होतात. मच्छीमाराला हे यंत्र विनामूल्य मिळते. मोबाइलच्या मनोऱ्यांची कक्षा संपल्यानंतरही या यंत्राद्वारे नौकेवरून किनाऱ्यावर छोटे संदेश पाठवता येतात, संकटकाळी मदतीची हाक देता येते, वादळाचा इशारा मिळतो, माशांचे थवे कोठे सापडण्याची शक्यता आहे याची माहिती मिळते आणि नौका आंतरराष्ट्रीय सागरी हद्दीजवळ पोहोचू लागली तर तांडेलाला सूचना मिळते. तंत्रज्ञान भारतीय अवकाश संशोधन संस्थेने म्हणजे इस्रोने विकसित करायचे, यंत्रांचे उत्पादन उद्योगांनी करायचे आणि खर्चाचा भार सरकारने उचलायचा, असे या भागीदारीचे स्वरूप आहे.

एका उपग्रहाचा प्रवास

हे संदेश ज्या उपग्रहामार्फत जातात तो जीसॅट-६. त्याची कहाणी या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. इस्रोची तत्कालीन व्यापारी शाखा अँट्रिक्स आणि देवास मल्टिमीडिया ही खासगी कंपनी यांच्यात जानेवारी २००५ मध्ये करार झाला. जीसॅट-६ आणि जीसॅट-६ए या दोन उपग्रहांची बहुतांश क्षमता या कंपनीला भाडेपट्ट्याने मिळणार होती. एस-बँड या मौल्यवान रेडिओलहरींच्या वाटपावरून वादळ उठले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने करार रद्द केला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये अँट्रिक्सला ५६ कोटी २५ लाख डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये देवास कंपनी फसवणुकीच्या हेतूने स्थापन झाल्याचा निष्कर्ष मान्य करून ती गुंडाळण्याचा आदेश कायम केला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने लवादाचा निवाडाही रद्द ठरवला. तरीही परदेशातील न्यायालयांत हा वाद सुरूच राहिला.

दरम्यान २७ ऑगस्ट २०१५ रोजी जीसॅट-६ अवकाशात गेला. सहा मीटर व्यासाची, अवकाशात छत्रीसारखी उलगडणारी अँटेना हे त्याचे वैशिष्ट्य. अँटेना मोठी असल्यामुळे जमिनीवरील किंवा नौकेवरील यंत्र लहान असले तरी चालते. त्याचा जोडीदार जीसॅट-६ए मार्च २०१८ मध्ये प्रक्षेपणानंतर काही दिवसांतच संपर्काबाहेर गेला. खासगी ग्राहकांसाठी कल्पिलेला उपग्रह अखेर नौकांच्या कामी आला, ही समाधानाची बाब म्हणता येईल. परंतु जीसॅट-६चे नियोजित आयुष्य नऊ वर्षांचे होते. म्हणजे पालघरमध्ये एक लाख यंत्रांच्या योजनेचा प्रारंभ झाला, त्याच महिन्यात हा कालावधी पूर्ण झाला. उपग्रह नियोजित आयुष्यानंतरही अनेक वर्षे काम करतात हे खरे. तथापि नव्याने बसवलेल्या लाखभर यंत्रांची मदार अशा उपग्रहावर असेल, तर त्याच्या पर्यायाची तरतूद वेळेवर होणे हे योजनेइतकेच महत्त्वाचे आहे. भागीदारीच्या करारात यंत्रांची संख्या लिहिणे सोपे असते. सेवेच्या सातत्याची हमी लिहिणे अवघड असते आणि खरा खर्चही तेथेच असतो.

विक्रोळी, पवई आणि वालचंदनगर

अवकाश क्षेत्रात खासगी उद्योग नव्याने आले, असा एक समज आहे. महाराष्ट्रापुरते तरी ते खरे नाही. जीसॅट-६ ज्या प्रकारच्या जीएसएलव्ही अग्निबाणातून गेला, त्यात द्रवरूप इंधनावर चालणारी पाच ‘विकास’ इंजिने असतात. ही इंजिने बनवणाऱ्या देशातील मोजक्या कारखान्यांपैकी एक म्हणजे मुंबईतील विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे घनइंधनाच्या मोटारींची प्रचंड आवरणे १९७०च्या दशकापासून तयार होत आहेत. चांद्रयान-३ला जुलै २०२३ मध्ये अवकाशात नेणाऱ्या एलव्हीएम-३ अग्निबाणाच्या बूस्टरचे भाग वालचंदनगर आणि लार्सन अँड टुब्रोच्या पवई येथील कारखान्यांतून गेले होते, तर इंजिने विक्रोळीहून गेली होती.

ही भागीदारी मोलाची होती. पण तिचे स्वरूप ठेकेदारीचे होते. आराखडा इस्रोचा, पोलाद इस्रोने ठरवलेले, तपासणी इस्रोची आणि ग्राहकही एकच. कारखान्याने दिलेल्या मापात वस्तू बनवून द्यायची. अपयश आले तर ते सरकारच्या खाती जमा व्हायचे आणि नवे तंत्रज्ञान शोधून काढण्यास कारखान्याला कारणही नसायचे. वर्षाकाठी मोजकीच प्रक्षेपणे होत असल्याने यंत्रसामग्रीत मोठी गुंतवणूक करणे परवडणारे नव्हते. अशा परिस्थितीतही या कारखान्यांनी चार दशके दर्जा सांभाळला, याचे श्रेय त्यांतील तंत्रज्ञांना आणि कुशल कामगारांना द्यावे लागेल.

नियम बदलले, जोखमीचे काय?

हे चित्र बदलण्याचा प्रयत्न २०१९ पासून सुरू झाला. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही नवी सरकारी कंपनी स्थापन झाली. जून २०२० मध्ये खासगी कंपन्यांना परवाने देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही स्वतंत्र यंत्रणा मंजूर झाली. एप्रिल २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये थेट परकीय गुंतवणुकीची दारे उघडली : सुटे भाग बनवण्यासाठी १०० टक्के, उपग्रहांसाठी ७४ टक्के आणि प्रक्षेपणयानांसाठी ४९ टक्क्यांपर्यंत पूर्वपरवानगीची अट राहिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवउद्योगांसाठी एक हजार कोटी रुपयांच्या साहसवित्त निधीला मंजुरी मिळाली.

परिणामही दिसू लागले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने मे २०२४ मध्ये स्वतःच्या अग्निबाणांची प्राथमिक उड्डाणे केली. आयआयटी मुंबईच्या परिसरातून पुढे आलेल्या मनस्तू स्पेस या कंपनीने उपग्रहांसाठी विषारी हायड्राझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित इंधन विकसित करण्याचे काम हाती घेतले. पाच पीएसएलव्ही अग्निबाण संपूर्णपणे उद्योगांनी बांधण्याचे सुमारे ८६० कोटी रुपयांचे काम २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळाले. छोट्या एसएसएलव्ही अग्निबाणाचे तंत्रज्ञान मिळवण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जून २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांची बोली लावून स्पर्धा जिंकली.

मात्र १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ मोहीम तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे अयशस्वी झाली. सर्वांत भरवशाचा मानला जाणारा अग्निबाणही कधीतरी दगा देतो, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. त्या वेळी नुकसान सरकारचे झाले. उद्या उद्योगांनी बांधलेला अग्निबाण कोसळला, तर नुकसान कोणाचे? इतर देशाच्या भूमीवर अवशेष पडून हानी झाली, तर १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्षेपण करणारे राष्ट्र जबाबदार असते, मग यान खासगी असो वा सरकारी. ही जबाबदारी कंपनी, विमा आणि सरकार यांच्यात कशी वाटायची, हे कायद्यानेच ठरायला हवे. अवकाशविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कायद्याआधी धोरण आले आणि गुंतवणूकदारांची चिंता तेथेच आहे. देवास प्रकरणाने करार मोडण्याची किंमत दाखवून दिली आहे. करार करतानाच त्याची पूर्ण छाननी होणे आणि केल्यावर तो टिकणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेच्या नासाने २००६ मध्ये अवकाश स्थानकाकडे माल नेण्यासाठी खासगी कंपन्यांशी वेगळ्या पद्धतीचे करार केले. खर्च होईल तेवढा देण्याऐवजी कामाचे टप्पे ठरवले आणि टप्पा पूर्ण झाला तरच पैसे दिले. दोन निवडलेल्या कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लर ठरलेला टप्पा गाठू शकली नाही, तेव्हा २००७ मध्ये तिचा करार संपवण्यात आला आणि दुसऱ्या कंपनीला संधी मिळाली. टिकून राहिलेल्या स्पेसएक्सला डिसेंबर २००८ मध्ये १२ फेऱ्यांचे एक अब्ज ६० कोटी डॉलरचे काम मिळाले. नासाने निधी दिला, तंत्रज्ञ दिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढील खरेदीची खात्री दिली.

अंतराळवीरांच्या वाहतुकीबाबत २०१४ मध्ये बोइंगला चार अब्ज २० कोटी आणि स्पेसएक्सला दोन अब्ज ६० कोटी डॉलरचे ठराविक रकमेचे करार मिळाले. बोइंगच्या यानात दोष निघाले. जून २०२४ मध्ये त्यातून गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून परतावे लागले. या प्रकल्पात बोइंगला दीड अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला आणि तो कंपनीनेच सोसला. दोन कंपन्या असल्यामुळे अंतराळवीर परतू शकले आणि रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे सरकारी तिजोरी वाचली. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय हे लक्ष्य ठेवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दोन उपग्रह अवकाशात जोडून इस्रोने त्या दिशेने आवश्यक तंत्र सिद्धही केले. तथापि प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी किमान दोन समर्थ उत्पादक आणि वर्षानुवर्षांच्या खरेदीची हमी नसेल, तर हे लक्ष्य पुन्हा एकट्या इस्रोच्या खांद्यावर येऊन पडेल.

किनाऱ्यावरील प्रश्न

सर्वसामान्यांच्या दृष्टीने या सर्व व्यवहाराचे मोजमाप अखेर सेवेनेच होणार. डहाणू-तलासरीच्या खलाशाचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. ट्रान्सपाँडर नौकेवर बसतो आणि नौका मालकाची असते. खलाशी महाराष्ट्रातील, नौका गुजरातची, उपग्रह केंद्राचा आणि यंत्र खासगी उत्पादकाचे, अशी ही साखळी आहे. यंत्र बंद पडले तर दुरुस्ती कोणत्या बंदरात आणि किती दिवसांत होणार, मालकाने ते सुरू ठेवावे यासाठी देखरेख कोणाची, हद्दीचा इशारा खलाशांना समजेल अशा भाषेत मिळतो की नाही, या गोष्टी एका राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. दोन्ही राज्यांनी त्या एकत्रितपणे ठरवल्या पाहिजेत.

आणखी एक मुद्दा विश्वासाचा आहे. मासे कोठे मिळतात ही माहिती हेच तांडेलाचे भांडवल असते. नौकेचे ठिकाण सतत कळवणारे यंत्र बसवताना ती माहिती कोणाकडे जाणार आणि कोणाकडे जाणार नाही, हे स्पष्ट केले नाही, तर यंत्र नौकेवर असूनही बंदच राहील. खासगी कंपन्यांचा सहभाग वाढत जाईल तसा हा प्रश्न अधिक तीव्र होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाची १२ पृथ्वीनिरीक्षक उपग्रहांच्या साखळीसाठी निवड झाली. त्यात १,२०० कोटी रुपयांहून अधिक खासगी गुंतवणूक अपेक्षित आहे. समुद्राची, शेतीची आणि पर्यावरणाची माहिती खासगी मालकीच्या उपग्रहांतून येऊ लागली, तर संकटकाळी ती सर्वांना विनाविलंब मिळेल, ही अट करारातच असायला हवी.

विक्रोळी आणि वालचंदनगरच्या कारखान्यांनी आपली क्षमता केव्हाच सिद्ध केली आहे. आता कसोटी सरकारची आहे. खरेदीची हमी देणे, अपयशाची जबाबदारी आधीच वाटून घेणे आणि सेवा अखंड ठेवणे ही तिन्ही कामे कायद्याने आणि करारानेच होऊ शकतात. ती झाली तर अवकाश स्थानकाचे सुटे भाग महाराष्ट्रातील कारखान्यांतून जातील आणि ओखा किंवा पोरबंदरच्या नौकेवर गेलेल्या झाई-बोर्डीच्या खलाशाला हद्द ओलांडण्यापूर्वीच सूचना मिळेल. ती झाली नाहीत, तर वितरित केलेल्या यंत्रांचा आकडा तेवढा सरकारी अहवालात वाढत राहील.