सहलीची गॅस शेगडी घेताना

पावसाळा सरला की घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. कोणी दापोलीकडे किनाऱ्यावर जातो, कोणी मामूंच्या शेतावर. सोबत कीमा, चिकन आणि सिखा असतातच. कोळशाच्या सिगडीऐवजी सोबत नेता येईल अशी छोटी गॅस ग्रिल घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, असे अलीकडे आम्हाला बरेच जण विचारतात. म्हणून या महिन्यात तेवढाच विषय.

आधी हे पाहू की बदलायचे कशासाठी. कोळशाच्या चवीला तोड नाही, हे मान्य. पण सिगडी पेटायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि एवढा वेळ पंखा हलवत धुरात कोण बसते? बहुतेक घरांत अम्मी किंवा मोठी आपा. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांची सहल खोकण्यातच संपते. गॅसची आच काही मिनिटांत तयार होते, कमी-जास्त करता येते आणि निघताना विझवायला निखारे उरत नाहीत. वाळूत पुरलेले निखारे बराच वेळ धगधगत राहतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांचे पाय त्यावर पडतात. गॅसकडे वळायला एवढी कारणे आम्हाला पुरेशी वाटतात.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, ब्युटेनचा लांबट डबा आडवा बसवायची चपटी शेगडी आणि तिच्यावर ठेवायची जाळीदार तवी. दुसरा, रबरी नळी आणि रेग्युलेटरने ५ किलोच्या सिलिंडरला जोडायची ग्रिल. तिसरा, परदेशातून आलेली झाकणाची देखणी ग्रिल. या तिसऱ्या प्रकाराबाबत सावध राहा. तिचे तोंड बऱ्याचदा तिकडच्या छोट्या प्रोपेन सिलिंडरच्या आट्यांना बसणारे असते, आपल्याकडच्या सिलिंडरला नाही. आखातातून येणारे नातेवाईक अशी ग्रिल भेट आणणार असतील, तर ती इथल्या सिलिंडरला कशी जोडायची ते आधी विचारून घ्या. गल्लीतल्या दुकानात जुगाड करून तोंड बदलून घेऊ नका.

गॅस किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. सातवी-आठवीतली मुलेही तो करतील, त्यांच्याकडूनच करून घ्या. ग्रिलच्या खोक्यावर ताशी किती बीटीयू ते छापलेले असते. एक किलो एलपीजी जाळला की साधारण ४३,५०० बीटीयू उष्णता मिळते. म्हणजे १०,००० बीटीयूची ग्रिल पूर्ण आचेवर तासाला सुमारे २३० ग्रॅम गॅस खाते. ब्युटेनच्या डब्यात साधारण तेवढाच गॅस असतो, म्हणून तो अशा ग्रिलवर तासाभरात संपेल. ५ किलोचा सिलिंडर मात्र वीस तासांच्या वर पुरेल. चौघांच्या कुटुंबाला वर्षातून दोनदा जायचे असेल तर डब्याची शेगडी पुरते. दहा-बारा माणसांचा गोतावळा असेल तर ५ किलोचाच सिलिंडर घ्या. तो अधिकृत वितरकाकडे ओळखपत्र दाखवून मिळतो. घरच्या लाल सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस भरून देणारे असतात, त्यांच्याकडे फिरकू नका. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही.

दुकानात गेलात की चार गोष्टी बघा. एक, घरातली सीख सोबत न्या आणि ग्रिलवर ठेवून पाहा. शीख कबाबाचा कीमा जाळीला टेकला की चिकटतो आणि सुटतो. म्हणून जाळी काढता आली पाहिजे आणि सीख दोन्ही काठांवर टेकून मध्ये अधांतरी राहिली पाहिजे. दोन, बर्नरवर लोखंडी आडोसा हवा. चरबी थेट बर्नरवर पडली तर भडका उडतो आणि भोके बुजतात. तीन, खाली चरबी गोळा करणारा ट्रे असावा आणि तो ओढून काढता यावा. चार, पाय रुंद हवेत, वाळूत डुगडुगणारे नकोत. बिडाची जाळी आच चांगली धरून ठेवते, पण जड असते आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजते. घरी आल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा.

चवीचे म्हणाल, तर धुराचा बराचसा स्वाद गरम लोखंडावर पडून जळणाऱ्या रसातून आणि चरबीतून येतो, तो गॅसवरही मिळतो. उरलेली कसर धुंगाराने भरून निघते. शिजलेल्या कबाबांमध्ये वाटी ठेवून तिच्यात एक पेटता कोळसा, वर चमचाभर तूप, आणि पाच मिनिटे झाकण. गॅसची आच वरून लवकर रंग आणते, तेव्हा आत कच्चे राहिले नाही ना ते पाहा. कीमा आतून ७१ अंश आणि चिकन ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे.

आता सुरक्षेविषयी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात साचतो. म्हणून ग्रिल मोकळ्या, सपाट जागी ठेवा आणि सिलिंडर उभाच ठेवा. जोडणी केल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी ओढून तपासू नका. पेटवताना ग्रिलचे झाकण उघडे ठेवा. डब्याच्या शेगडीवर डब्यावर येईल एवढा मोठा तवा ठेवू नका, कारण डबा तापून फुटू शकतो. तोच डबा उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. तंबूत किंवा बंद बाल्कनीत गॅस काय, कोळसा काय, काहीच पेटवू नका. सिलिंडरच्या पट्टीवर ‘सी-२८’ असे काही लिहिलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाही. सी-२८ म्हणजे सप्टेंबर २०२८ पर्यंत चालेल. मुदत संपलेला सिलिंडर परत करा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

आणखी एक. सहलीला रेल्वेने जाणार असाल तर सिलिंडर किंवा गॅसचा डबा अजिबात नेऊ नका. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा मदुराई आठवा. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तिथल्या स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली आणि नऊ जण गेले. डब्यात लपवून आणलेला सिलिंडर होता. लखनौहून निघालेल्या त्या प्रवासात लोकांना फक्त चहा-जेवण करायचे होते.

प्रत्येक घराने स्वतंत्र ग्रिल घेतलीच पाहिजे असेही नाही. वर्षातून दोन-तीनदा लागणारी वस्तू तीन-चार भावा-बहिणींनी मिळून घेतली तर पैसा वाचतो, आणि चांगल्यातली चांगली घेता येते. नळी, रेग्युलेटर आणि सिलिंडरची तारीख तपासायची जबाबदारी मात्र एकाच माणसावर सोपवा.

आणि ग्रिल आली की पाळ्या ठरवा. गॅसची आच सांभाळायला वर्षानुवर्षांचा हात लागत नाही. भाईजान, दुल्हेभाई, कॉलेजातली मुले, सगळ्यांना ते जमते. सिखा त्यांच्या हाती द्या आणि अम्मीला दस्तरखानावर बसवा. पहिला गरम कबाब तिच्या ताटात पडू द्या.