‘‘म्हणजे दिवसभर टायपिंगच ना गं?’’

परवा घोटीला एका ओळखीच्यांकडे गेले होते. त्यांची लेक पुण्यात एका कंपनीत ‘टेक्निकल रायटर’ आहे. म्हणजे यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते, ती लिहिणारी. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘म्हणजे दिवसभर टायपिंगच ना गं?’’

‘‘लिहायला मिळतात जेमतेम दोन तास, काकू. बाकी दिवस विचारण्यात जातो.’’

सकाळी इंजिनिअर मंडळींची बैठक. यंत्रात काय बदललं ते तिथं कळतं, कधी कळतही नाही. पुस्तिका तयार होते आणि मग समजतं, बटणाचं नावच बदललंय! मग त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. हे दाबलं आणि तेवढ्यात लाइट गेली तर? ‘‘एवढं कुणालाही कळतं,’’ हे ठरलेलं उत्तर. वापरणारी बाई नेमकी तिथंच अडते. म्हणून ही स्वतः यंत्र चालवून बघते, लिहिते, तपासायला देते, लाल शेरे घेऊन पुन्हा लिहिते. दहा ओळींच्या चार करण्यात दुपार जाते.

मला कमलाबाई ओगले आठवल्या. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. ‘अंदाजानं घाला’ हे ज्याला आधीच येतं त्यालाच कळतं. नव्या नवरीला नाही.

स्वयंपाकात अंदाज चुकला तर भाजी खारट होते. पण घोटीचा हा भाग भाताचा. आवण्या झाल्या की फवारणी आलीच. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आपल्यापैकी कितीजणींना हे माहीत आहे? सोबतचं पत्रक मराठीतही असतं, पण अक्षर मुंगीएवढं आणि भाषा सरकारी परिपत्रकाची. फवारणीचे कपडे धुतो आपणच. ते कसे धुवायचे ती ओळख शोधता शोधता पाणी निवतं! २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती, पण कळेल अशी सूचना हातात असणं ही काही चैन नव्हे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वापराच्या पुरेशा सूचना नसल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार धरला जातो. तरी मराठी मजकूर म्हणजे बहुतेकदा इंग्रजीचं शेवटच्या घाईत केलेलं भाषांतर. विज्ञान शिकलेल्या, चांगलं मराठी लिहिणाऱ्या मुली आपल्याकडे कमी का आहेत? त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवा की!

निघताना लेकीनं पडवीतल्या डब्याचं पत्रक उलगडलं. ‘‘आई, हे वाचलंस कधी?’’

‘‘वाचायचं काय त्यात? दुकानदार सांगतो ना, पंपाला दोन टोपणं.’’

‘‘कुठल्या डब्याचं टोपण?’’

आई गप्पच झाली.