दगडांचाही सातबारा



विहिरीत सुरुंग उडाला, की निघालेल्या दगडांभोवती पोरांची गर्दी होते. चमकणारी गारगोटी निघाली तर ती देव्हाऱ्यात जाते. एखाद्या दगडावर पानासारखी काळी नक्षी दिसली, की लाखो वर्षांपूर्वीचे झाड सापडल्याची बातमी गावभर होते. तेथे जरा थांबावे. ही नक्षी बहुधा भेगेत झिरपलेल्या पाण्यातील मँगॅनीजची असते. खऱ्या पानाला देठ आणि शिरा असतात.

आपल्या सातारा-सांगलीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या तप्त रसात जीव कसा टिकणार? म्हणून आपल्याकडे जीवाश्म विरळ. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये मोठे खंड पडले, तळी साचली. नागपूरकडच्या अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात शंखशिंपले गोळा केले. दुसरी जागा नदीकाठच्या जुन्या गाळाची. कृष्णेला मिळणाऱ्या घटप्रभेच्या खोऱ्यात, गोकाकजवळ, गेंड्याची हाडे सापडली. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये त्यांचे वर्णन छापले. आज ऊस उभा आहे त्या मुलखात एके काळी गेंडे चरत होते!

आता जगभरच्या अशा सापडींची एक वही इंटरनेटवर आहे. तिचे नाव पॅलिओबायोलॉजी डेटाबेस. ती मोबाईलवर कोणालाही फुकट पाहता येते. प्रत्येक नोंदीत प्राण्याचे किंवा झाडाचे नाव, ठिकाण, खडकाचा थर, त्याचे वय आणि माहिती कोठे छापली हे लिहिलेले असते. दगडाचा सातबाराच म्हणा ना! अशा हजारो नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे कोणते जीव कधी नष्ट झाले, कोणता भूखंड कोठून सरकला, हे उलगडते.

या नोंदी संशोधक करतात, पण पहिला हात आपला लागतो. हाड कितीही मोठे असो, ते कोठून निघाले हे कळले नाही तर त्याची किंमत निम्म्याहून कमी होते. उताऱ्यावाचून जमीन, तशी गत.

तेव्हा विहिरीत किंवा ओढ्याच्या दरडीत दगड झालेले हाड, दात किंवा शंख दिसला, तर हातोडी लावू नका. जागेवरच, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, फोटो काढा. गाव, गट नंबर, किती फुटांवर आणि कोणत्या मातीत सापडले, तारीख, हे कागदावर लिहा. तो कागद वस्तूबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळा. मग जवळच्या कॉलेजातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

हातभर बांधासाठी आपण कोर्टाची पायरी चढतो. आपल्या मातीच्या कोट्यवधी वर्षांच्या उताऱ्यासाठी चार ओळी लिहायला काय हरकत आहे?