सूर्यापासून वीज : खरें किती, खोटें किती?

आमच्या शेजारच्या एका पेन्शनर गृहस्थांनीं आयुष्याची शिल्लक खर्चून घराच्या गच्चीवर सौर पॅनेलें बसविलीं. "आतां घरांत वीज नाहीं असें होणेंच नाहीं," असें विक्रेत्यानें त्यांस सांगितलें होतें. पुढें एका वादळांत गांवच्या तारा तुटल्या. दुसरे दिवशीं लख्ख ऊन पडलें, तरी त्यांच्या घरांतील पंखा हलेना. तेव्हांपासून ते भेटेल त्यास सांगतात कीं, हें सौर प्रकरण म्हणजे शुद्ध फसवणूक होय.

माझ्या मतें येथें चूक दोन्हीकडे आहे. बॅटरी नसलेल्या अशा योजनेंत गांवची वीज जातांच इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तसा तो न पडेल तर गच्चीवरील वीज रस्त्यावरच्या तारांत शिरेल आणि दुरुस्तीसाठीं खांबावर चढलेल्या वायरमनाच्या जिवावर बेतेल. ज्यास शेजारी दोष समजतात, तें वस्तुतः संरक्षण आहे. अंधारांतहि दिवा हवा असेल तर बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, व त्याचें मोल निराळें पडतें. विक्रेत्यानें हें सांगितलें नाहीं. शेजाऱ्यांनीं विचारलें नाहीं.

ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक, हाहि असाच एक समज. सिलिकॉनवर प्रकाश पडल्यानें वीज निर्माण होते, उष्णतेनें नव्हे. पॅनेलाचें तपमान २५ अंशांच्या वर गेलें कीं दर दहा अंशांस उत्पन्न शेंकडा ३ ते ४ नें घटतें. उलटपक्षीं, ढगाळ दिवशीं वीज मुळींच मिळत नाहीं, हेंहि खरें नव्हे. ती कमी मिळते, इतकेंच.

कित्येक म्हणतात कीं, हें कालपरवांचें खूळ आहे. परंतु प्रकाशापासून विजेचा प्रवाह मिळतो हें बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३९ सालींच पाहिलें होतें. विल्यम ॲडम्स यांनीं तर आपल्या मुंबईंतच आरशांनीं ऊन एकवटून वाफेचें यंत्र चालविण्याचे प्रयोग केले व १८७८ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें दाखविलेला सिलिकॉनचा घट प्रकाशाचा सुमारें शेंकडा ६ भाग विजेंत आणीत असे. आज बाजारांतील चांगलें पॅनेल शेंकडा २० च्या वर आणतें. तें तयार करण्यास लागलेली ऊर्जा साधारणतः एक ते तीन वर्षांत भरून येते, आणि त्याचें आयुष्य पंचवीस वर्षांचें धरतात. मग 'खर्च जास्त, उत्पन्न कमी' या आक्षेपांत काय अर्थ राहिला?

तथापि ही वीज फुकट आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. एक किलोवॅटच्या पॅनेलांस सावली न पडणारी सुमारें १०० चौरस फूट जागा लागते, व महाराष्ट्रांत त्यांपासून सरासरीनें रोज चारेक युनिट मिळतात. धूळ न पुसल्यास तेवढेहि मिळत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरचें विजेचें बिल काढा, महिन्याचे युनिट पाहा आणि वरील आंकड्यांनीं त्रैराशिक मांडा. वडील मंडळी कागदावर सही करण्यापूर्वीं तें त्यांस दाखवा, आणि 'वीज गेल्यावर काय होईल?' हा प्रश्न विक्रेत्यास विचारण्यास सांगा. अर्ध्या सत्यावर बसलेला विश्वास पहिल्या वादळांत उडतो. आणि मग खरी वस्तुहि लोकांस खोटी वाटूं लागते.