पन्नास पुस्तकांचं रजिस्टर

चवथीला बहिणीकडची मंडळी पेडण्याला आमच्या घरी आली होती. आरत्या झाल्या, नेवऱ्या खाऊन झाल्या आणि भाचीने मोबाईल माझ्यापुढे धरला. ती मयेची, म्हापशाच्या कॉलेजात एस.वाय.ला आहे. म्हणाली, "मामा, हांवें चाळीस पुस्तकांचें चॅलेंज घेतलां. एकुणतीस जालीं. तुजीं कितलीं?"

मुलगी वाचतेय म्हणून मामाला आनंद व्हायला हवा होता. पण मी यादी बघितली आणि गप्प झालो. त्यात नऊ-दहा पुस्तकं तर पंधरा मिनिटांत ऐकायचे सारांश होते. काही इतकी बारीक, की अस्नोडा यायच्या आत संपावीत. मी सहज विचारलं, यातलं मनात काय राहिलं? ती जरा थांबली आणि म्हणाली, "सगळं आठवत नाही रे मामा, पण संख्या होतेय ना!"

संख्या होतेय. मंडळी, हे वाक्य मी रोज ऑफिसात ऐकतो. मी सरकारी कारकून. लक्ष्य किती, साध्य किती, बाकी किती, हे तीन रकाने भरण्यात माझी वीस वर्षं गेली. मार्च महिन्यात साध्य कसं वाढवायचं असतं तेही मला ठाऊक आहे. त्यामुळे वाचनाचं असं रजिस्टर दिसलं की माझं डोकं फिरतं. कारण मी स्वतः हे पाप केलेलं आहे.

१९९९ साल. मीही तेव्हा एस.वाय.बी.ए.ला होतो. मोबाईल नव्हता, पण डायरी होती. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं, 'वर्षात ५० पुस्तकं'. सकाळची कदंबा बस, दुपारपर्यंत तास, घरी आल्यावर काजूच्या दिवसांत बागायतीतली कामं, रात्री नोट्स. त्यात पन्नास पुस्तकं बसवायची म्हणजे काय करायचं? मी ग्रंथालयात जाऊन पुस्तकांची जाडी बघायला लागलो. एकांकिका, छोटे कवितासंग्रह, साठ-सत्तर पानांची चरित्रं. कवितासंग्रह मी एका बसफेरीत 'संपवत' असे! कविता संपवायची असते का हो?

त्याच वर्षी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' हातात आली. १९६३ची कादंबरी, लेखक तेव्हा स्वतः पंचविशीत. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची गोष्ट, म्हणजे माझ्यासारख्याच पोराची. पण पुस्तक जाड, वाचायला वेळ लागत होता आणि आठवडा फुकट जात होता. शंभरेक पानांवर मी ती परत केली आणि त्या बदल्यात तीन बारीक पुस्तकं आणली. वर्षाअखेर डायरीत ४३ चा आकडा होता. आज त्या ४३ पैकी मला पाच-सहा नावंसुद्धा धड आठवत नाहीत.

'कोसला' मी पुरी वाचली ती तिशी उलटल्यावर. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी आलो आणि पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. हे पान विशीत माझ्या हातात होतं. अजून काही दिवस दिले असते तर मी तिथे पोचलो असतो. त्या वयात ते वाचलं असतं तर मी वेगळा माणूस झालो असतो असा माझा दावा नाही. पण विशीत एकटा असताना मला एक सोबती मिळाला असता, आणि तो मी आकड्यासाठी परत केला.

आता कोणी म्हणेल, अहो, मोजल्याशिवाय शिस्त लागत नाही, चॅलेंजच्या निमित्ताने तरी मुलं पुस्तक उघडतात. खरं आहे. मोजणं मलाही अमान्य नाही. आमच्या घरात माझे आजोबा श्रावणात 'हरिविजय' वाचायला बसत, तेही मोजूनच. 'हरिविजया'चे अध्याय ३६, 'रामविजया'चे ४०, 'पांडवप्रतापा'चे ६४. पोर्तुगीज राज्यात गावच्या पंतोजीकडे जेवढी अक्षरं शिकले तेवढ्या भांडवलावर त्यांनी श्रीधरस्वामींना आयुष्यभर पुरवून वाचलं. घरात बोलायचो आम्ही पेडण्याची कोंकणी, पण पोथीची मराठी कानावरूनच आमच्या अंगात मुरली. आजोबांचं हेही एक चॅलेंजच होतं. फरक एवढाच, की दर श्रावणात तेच पुस्तक पुन्हा उघडायचं. नवीन किती झाली हे त्यांना कोणी विचारलं नाही. पारायणही यांत्रिक होतं, पोपटपंची होते, हे मान्य. पण तिथे निदान पान गाळलं तर मनाला खायचं. इथे सारांश ऐकून 'पुस्तक झालं' म्हणताना काहीच वाटत नाही.

आणि वाचनाने आयुष्य बदलायचं तर त्याला पुस्तकंच लागतात असंही नाही. आपल्याच गोव्यातले, सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बघा. शाळा लवकर सुटलेली, घरच्या नारळाच्या बागायतीची जबाबदारी अंगावर. आजच्या कुठल्याही विद्यार्थ्याहून कमी व्याप नव्हता. १८९७च्या सुमारास 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धावरचा एक लेख वाचला. फक्त एक लेख! तो त्यांनी असा वाचला की १८९९मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन करत पाली भाषा शिकले आणि १९१० साली त्याच विद्येच्या जोरावर हार्वर्डला जाऊन पोचले. मोबाईलवर चॅलेंज लावलं असतं तर त्या लेखापुढे काय आकडा पडला असता? शून्य. कारण ते पुस्तकच नव्हे.

किंवा घराजवळचंच बघू. सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४, सीमेपलीकडच्या बांद्याचे. ते कुळकर्णीपण करायचे, म्हणजे आम्हा कारकुनांचे पूर्वजच! आमच्या पेडणे तालुक्यातल्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्यांची पदं आम्ही भजनात टाळ वाजवत गातो. पण 'महदनुभवेश्वरी' उघडून दोन पानं तरी वाचलेले आपल्यापैकी किती? मीसुद्धा उशिराच उघडली. जगभरची चाळीस पुस्तकं यादीत येतात आणि शेजारच्या गावातला माणूस राहून जातो, याला मी वाचन म्हणायला तयार नाही.

असो. भाचीला बोलणं सोपं आहे. पण तिचा दिवस मी ऐकला. साडेपाचला उठणं, डिचोलीहून म्हापसा बस, तास, आयएसए, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, संध्याकाळी शेजारच्या मुलांची शिकवणी. आमच्याकडची कित्येक मुलं सीझनमध्ये हरमल-मोरजीला हॉटेलात काम करून फी भरतात. दर २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या व्यासपीठावरून 'आजची मुलं वाचत नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की या मुलांची बस गावात पोचते तेव्हा गावात उघडं असलेलं ग्रंथालय कुठे आहे? मुलांना वेळ नाही आणि जागाही नाही. म्हणूनच ती सारांशाकडे वळतात. त्यांना आळशी म्हणू नका.

तरीही, वेळ नाही म्हणूनच आकड्याचं चॅलेंज चुकीचं. ज्याच्याकडे वेळ कमी त्याने तो तरी निवडून खर्च करावा. मोजायचंच तर पुस्तकं मोजू नका, दिवस मोजा. रोज दहा पानं. बसमध्ये बसायला जागा मिळाली की सहज होतात. परीक्षेचे आणि सणाचे दिवस सोडून वर्षाचे २०० दिवस धरले तरी दोन हजार पानं झाली. त्यात 'कोसला' येते, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येते, महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' येतं आणि वर वेळ उरतो. पाच-सहाच पुस्तकं होतील. होऊ देत. त्यातलं एखादं आवडलं म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, तर त्याला मी वर्षाचं साध्य म्हणेन.

भाचीला जाताना माझी 'कोसला' दिली. तिने आधी शेवटचं पान उघडून पानं किती ते बघितलं. मी हसलो, कारण १९९९ साली मीही तेच केलं होतं. आमचं ठरलंय, दोघांनी रोज दहा पानं वाचायची, रविवारी फोनवर बोलायचं. गेल्या रविवारी ती म्हणाली, या आठवड्यात आयएसए होती, वीसच पानं झाली. मग त्या वीस पानांवर आम्ही पाऊण तास बोललो.

तिच्या मोबाईलवर आकडा अजून एकुणतीसच आहे.